बंडातली भाऊबंदकी

सप्टेंबर २०२५मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्तमानपत्रांत पत्रकांचीच चर्चा होती. आधी 'अभय' या नावाने सही केलेले, १५ ऑगस्ट अशी तारीख घातलेले पत्रक बाहेर आले. सशस्त्र लढा तात्पुरता थांबवायची तयारी आहे, सरकारने बोलणी करावीत, असा त्याचा आशय होता. अभय म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, गडचिरोलीत भूपती म्हणून ओळखला जाणारा, भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी)च्या पॉलिट ब्यूरोचा सदस्य. लगोलग तेलंगणा राज्य समितीच्या वतीने 'जगन'चे पत्रक आले की हे एकट्याचे मत आहे, पक्षाचे नाही. पाठोपाठ केंद्रीय समितीच्या नावाने आणखी एक: हा गद्दार आहे, शरण जायचे तर खुशाल जावे, पण बंदुका पक्षाच्या आहेत, त्या पक्षाकडे जमा कराव्यात, नाहीतर आम्ही त्या काढून घेऊ. १५ ऑक्टोबरला भूपती आपल्या ६० साथीदारांसह गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर उभा राहिला आणि ५४ शस्त्रे खाली ठेवली गेली. दोन दिवसांनी जगदलपूरला त्याच पक्षाचा नेता रूपेश याच्यासह २१० जण बाहेर आले.

बहुतेकांनी ही एका चळवळीच्या शेवटाची बातमी म्हणून वाचली. ते चूक नाही. पण त्या तिसऱ्या पत्रकाकडे जरा थांबून पाहिले तर तिथे सरकार कुठेच नाही. भांडण आहे ते आपल्याच माणसाशी, आणि तेही विचारापेक्षा बंदुकांवरून. पक्ष सोडणाऱ्याने बंदूक कुणाच्या हवाली करायची? पक्ष म्हणजे तरी कोण, केंद्रीय समिती की तीस-चाळीस वर्षे त्या बंदुका वाहणारी माणसे? यादवी युद्धात बंडखोर सरकारशी लढता लढता एकमेकांशी का लढतात, आणि कधी लढत नाहीत, हा या पुस्तकाचा विषय. जगात त्यावर गेल्या वीस वर्षांत एक भरगच्च अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. मराठीत त्याची ओळख नाही. गडचिरोलीसारखा जिल्हा आपल्या घरात असताना ती नसावी, हे मला खटकत आले.

ही प्रस्तावना मी गोंडपिपरीहून लिहितो आहे आणि त्याला कारण आहे. चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी करत आलेला रस्ता आमच्या गावावरून आष्टीला जातो, वैनगंगा ओलांडतो आणि पुढे आलापल्ली-अहेरीच्या जंगलात शिरतो. आष्टीच्या खाली चपराळ्याच्या जंगलाशी वर्धा आणि वैनगंगा मिळतात, तिथून पुढे तिचे नाव प्राणहिता, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. एका हाताला तेलंगणा, दुसऱ्या हाताला गडचिरोली. तालुका सरकारी कागदावर नक्षलग्रस्त. पण खरे युद्ध नदीपलीकडचे. इथल्या माणसाने ते रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यांतून, तेंदूच्या ठेकेदारांच्या बोलण्यातून आणि पलीकडे दिलेल्या लेकीबाळींच्या तोंडून ऐकले. अभ्यासकाला अशी जागा बरी. फार लांब नाही, आणि नको इतकी जवळही नाही.

आता विषयाकडे. सामान्य समजूत अशी की शत्रू मोठा असला की त्याच्याविरुद्धचे सगळे एक होतात. पण आमच्याकडे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, ज्यांची डोकी फुटतात ते एकाच आजोबाचे नातू असतात. दूरच्या गावच्या माणसाशी धुरा लागतच नाही. बंडखोर संघटनांचेही तसेच. त्यांना माणसे हवीत ती त्याच गावांतली, पैसा त्याच ठेकेदाराचा, आणि बोलायचे असते त्याच जनतेच्या नावाने. सरकारशी त्यांचे वैर असते, पण एकमेकांशी त्यांची वाटणी असते, आणि वाटणीचे भांडण वैरापेक्षा जास्त चिवट निघते.

आपल्या देशातला याचा सर्वांत कडू धडा नव्वदच्या दशकातल्या मध्य बिहारचा. जहानाबाद, गया, औरंगाबाद आणि त्यांना लागून पलामू. एका बाजूला माओवादी कम्युनिस्ट केंद्र, म्हणजे एमसीसी. १९६९च्या 'दक्षिण देश' गटातून निघालेल्या या संघटनेने १९७५मध्ये ते नाव घेतले. दुसऱ्या बाजूला पार्टी युनिटी, नक्षलबारीच्याच दुसऱ्या फांदीवरची. दोघांच्याही घोषणा भूमिहीन मजुराच्या, दोघांच्याही भिंतींवर माओ. १९९४मध्ये भोजपुरात जमीनदारांची रणवीर सेना उभी राहिली आणि दलित वस्त्यांत हत्याकांडे सुरू झाली. आता तरी हे दोघे एक होतील असे कुणालाही वाटले असते. झाले उलटे. एका वस्तीत एमसीसी, पलीकडच्या वस्तीत पार्टी युनिटी. ज्याने काल एकाला जेवू घातले त्याला आज दुसऱ्याने जाब विचारायचा. ऑगस्ट १९९८मध्ये पार्टी युनिटी पीपल्स वॉरमध्ये विलीन झाली, आणि आंध्रात व दंडकारण्यात वाढलेल्या पीपल्स वॉरला बिहारमधले हे वैर आंदण मिळाले. नव्या शतकाच्या तोंडावर शस्त्रसंधी झाली, मग बोलणी, आणि २१ सप्टेंबर २००४ रोजी दोन्ही संघटना एक होऊन आजचा माओवादी पक्ष बनला. त्याची घोषणा १४ ऑक्टोबरला हैदराबादेत झाली. त्या साऱ्या रक्तपाताला पुढे पक्षानेच 'काळा अध्याय' म्हटले. (त्या घोषणेला २१ वर्षे पुरी होत असतानाच गडचिरोलीत भूपतीने बंदूक ठेवली. योगायोगच, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा तारखा लक्षात राहतात.)

याच काळात गडचिरोलीत काय चालले होते? तिथेही पीपल्स वॉरच होता. तोच पक्ष, तीच पुस्तके, तेच नेतृत्व. बिहारमध्ये हा पक्ष दुसऱ्या माओवाद्यांशी लढत होता, आणि एटापल्ली-भामरागडमध्ये त्याला समोर कुणी प्रतिस्पर्धीच नव्हता. माझ्या मते हा आपल्या हाती आलेला सर्वांत मोलाचा पुरावा आहे. पक्ष तोच, वर्षे तीच, आणि एका जिल्ह्यात भाऊबंदकी, दुसऱ्यात नाही. याचा अर्थ कारण विचारसरणीत शोधण्यात हशील नाही. 'माओवादी असेच असतात' किंवा 'कम्युनिस्ट फुटतातच' ही दोन्ही उत्तरे इथे गळून पडतात. कारण जमिनीत, गावाच्या रचनेत आणि आधी कोण आले यात शोधावे लागते.

आधी कोण आले ते पाहू. कोंडापल्ली सीतारामय्यांनी एप्रिल १९८०मध्ये पीपल्स वॉर स्थापन केला आणि त्याच वर्षी लहान लहान तुकड्या गोदावरी ओलांडून गडचिरोली आणि बस्तरमध्ये पाठवल्या. त्यांतला पेद्दी शंकर हा बेल्लमपल्लीच्या कोळसा पट्ट्यातला दलित तरुण नोव्हेंबर १९८०मध्ये सिरोंचा भागातल्या मोयाबिनपेठ्यात पोलिसांच्या गोळीने मेला. तेव्हा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. या तुकड्या आल्या तेव्हा त्या जंगलात दुसरा डावा पक्ष रुजलेला नव्हता. राजकारण होते ते अहेरीच्या राजघराण्याभोवतीचे: राजे विश्वेश्वरराव आत्राम यांची नागविदर्भ आंदोलन समिती आणि १९७७ची त्यांची खासदारकी. गावात सत्ता होती ती वनखात्याच्या गार्डाची, तलाठ्याची आणि ठेकेदाराची. बिहारमध्ये मात्र पीपल्स वॉर पोहोचला तेव्हा प्रत्येक वस्तीवर कुणाचा ना कुणाचा झेंडा आधीच होता. रिकाम्या शेतात पहिला नांगर घालणे आणि पेरलेल्या शेतात शिरणे, यात फरक पडतोच.

दुसरे कारण तेंदूच्या फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, दिसते. मे महिन्याच्या उन्हात बाया-माणसे पहाटेपासून पाने तोडून आणतात, दुपारी घराच्या सावलीत बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन ओळीने मांडतात. मुन्शी ओळीतून चालत पुडे मोजतो, खराब म्हणून काही बाजूला टाकतो, वहीत शेकड्याचा आकडा लिहितो. बाजूला टाकलेल्या पुड्यांवरूनच जुने भांडण असायचे, कारण ते फुकटात ठेकेदाराच्याच पोत्यात जायचे. ऐंशीच्या दशकात दलमने, म्हणजे पक्षाच्या सशस्त्र तुकडीने, पहिला जम बसवला तो याच ओळीत, शेकड्याचा भाव वाढवून. भाव वाढला, गार्डाची कोंबडी-अंडी बंद झाली, आणि ठेकेदाराने पार्टीला द्यायचा पैसाही ठरला. एकदा असा हिशेब एका संघटनेने बसवला की दुसरीला आत शिरायला जागा कुठून? ती भाव आणखी वाढवू म्हणेल तर ठेकेदार फळीच उघडणार नाही. पैसा कमी घेऊ म्हणेल तर पहिली तिला गोळी घालील.

याच्याशी झारखंड ताडून पाहावा. तिथे २००२च्या सुमारास माओवाद्यांतून तृतीय प्रस्तुती समिती वेगळी झाली. नेतृत्वात यादवांचेच चालते, आम्हा गंझू-भोक्तांना विचारत नाहीत, ही तिची मूळ तक्रार. चतरा जिल्ह्यात कोळशाच्या मोठ्या खाणी उघडल्या तसा त्या वाहतुकीवरचा पैसा हा दोघांतला खरा विषय झाला. मार्च २०१३मध्ये चतऱ्यातल्या लकडमंदा गावात या समितीने दहा माओवादी मारले. चंद्रपुरातही कोळसा आहे, उदंड आहे. पण तो बल्लारपूर-माजरीकडे, रस्ते आणि रेल्वेच्या कुशीत, जिथे दलमला उभे राहायला झाड नाही. जंगल एका जिल्ह्यात, कोळसा दुसऱ्यात. असे साधे भूगोलाचे कारण मोठ्या सिद्धांतात हरवून जाते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

सिद्धांतही पाहिले पाहिजेत, आणि त्यांच्याकडे आपल्या जिल्ह्यातून पाहिले पाहिजे. या क्षेत्राचा पाया स्टॅथिस कॅलिवास यांच्या २००६च्या 'द लॉजिक ऑफ व्हायोलन्स इन सिव्हिल वॉर' या ग्रंथाने घातला. त्यांचे म्हणणे असे की यादवीतली निवडक हिंसा एकटा बंदूकवाला करत नाही. गावातलाच कुणी नाव सांगतो, आणि ते सांगण्यामागे बरेचदा जमिनीचा, सोयरिकीचा, जुन्या अपमानाचा हिशेब असतो. २०१२मध्ये फोटिनी क्रिस्टिया यांनी अफगाणिस्तान आणि बोस्नियातल्या युतींचा माग काढून दाखवले की गट एकमेकांशी हातमिळवणी करतात ती बळाचा अंदाज घेऊन. जात, पंथ, भाषा यांची कारणे मागून जोडली जातात. त्याच वर्षी हाने फेल्डे आणि देसीरे निल्सन यांनी आकडेवारीवरून चार परिस्थिती दाखवल्या: अमली पिकासारखे घबाड, सरकारबाहेर गेलेला प्रदेश, गटांच्या बळातली मोठी तफावत, आणि दुबळी राजसत्ता. पॉल स्टॅनिलँड यांनी २०१४मध्ये संघटनेच्या जन्माआधीच्या नात्यागोत्याकडे बोट दाखवले: वरचे नेते एकमेकांशी आणि खालच्या गावाशी आधीपासून किती बांधलेले होते, यावर ती फुटणार की टिकणार हे ठरते. पीटर क्रॉस यांनी २०१७मध्ये म्हटले की ज्या चळवळीत एकच दांडगा गट असतो तीच जिंकते.

क्रॉस यांचे म्हणणे गडचिरोलीत नेऊन तपासले तर अडखळायला होते. तिथे चाळीसहून अधिक वर्षे एकच गट होता आणि तो जिंकला नाही. क्रॉस यांच्या बाजूने म्हणता येईल की ते राष्ट्रीय स्वातंत्र्याच्या चळवळींबद्दल बोलत होते, आणि हे खरेही आहे. पण तेवढ्याने मिटवण्यापेक्षा इथून पुढचा प्रश्न विचारणे बरे. प्रतिस्पर्धीच नसेल तर भाऊबंदकी संपते, की आत शिरते?

ती आत शिरते, असे मला वाटते, आणि या पुस्तकातून हाती यावे असे माझे मत तेवढे एकच. बाहेर दुसरा पक्ष नसला की स्पर्धा वर नेतृत्वात जाते आणि खाली गावात उतरते. वर काय झाले ते १९९१-९२मध्ये दिसले: ज्या सीतारामय्यांनी पक्ष काढला त्यांनाच पक्षाने काढून टाकले आणि गणपती सरचिटणीस झाला. खाली काय होते ते दिसायला वेळ लागतो, कारण त्याला फूट म्हणत नाहीत, 'खबऱ्याला शिक्षा' म्हणतात. २२ एप्रिल २०१८ रोजी भामरागड तालुक्यात इंद्रावतीच्या काठी बोरिया-कसनासूरला झालेल्या चकमकीत आणि तिच्या पाठोपाठच्या चकमकीत ४० माओवादी मारले गेले. पुढच्या जानेवारीत त्याच कसनासूरचे तीन गावकरी खबरे ठरवून मारले गेले. त्यांच्याबद्दल कोण काय बोलले, कुणाशी कुणाचे बिनसले होते, हे कोणत्याही पत्रकात नसते. कॅलिवास यांचा सिद्धांत ग्रीसच्या डोंगरातला असला तरी नेमका इथेच कामाला येतो.

पण जगातल्या मोठ्या आकडेवारीत ही माणसे सापडणार नाहीत. स्वीडनमधल्या उप्सालाच्या प्रसिद्ध नोंदींत बिगर-सरकारी गटांतला संघर्ष धरला जातो तो वर्षात किमान २५ मृत्यू झाले तरच, आणि दोन्ही बाजू संघटित सशस्त्र गट असतील तरच. एका गावातले तिघे, दुसऱ्यातला एक, शरण येऊन गावी परतलेला एखादा, हे त्या चाळणीतून खाली पडतात. आकड्यांशी माझे वाकडे नाही. बिहारचा काळा अध्याय आकड्यांशिवाय समजणारच नाही. पण गडचिरोलीचा अभ्यास करायला बसलेल्याने तक्ता उघडला आणि तिथे शून्य दिसले, तर त्यावरून 'इथे काही झालेच नाही' असे लिहू नये.

कोस्तांतिनो पिश्केद्दा यांचे २०२०चे पुस्तक मला या सगळ्यांत जास्त उपयोगाचे वाटते. गट एकमेकांवर केव्हा तुटून पडतात, याची ते दोन उत्तरे देतात. एक, समोरचा अचानक दुबळा झाला आणि सरकार तूर्त दूर आहे, अशी संधी. दुसरे, आपणच घसरत चाललो आहोत, आज नाही मारले तर उद्या आपणच उरणार नाही, अशी धास्ती. पहिल्याचे उदाहरण श्रीलंकेत आहे आणि ते आपल्या लोकांना ठाऊक असायला हवे, कारण त्यातली निम्मी गोष्ट मद्रासमध्ये घडली. १९ मे १९८२ रोजी तिथल्या पाँडी बाजारात प्रभाकरन आणि उमा महेश्वरन या दोन जुन्या साथीदारांनी भर रस्त्यात एकमेकांवर गोळ्या झाडल्या. १९८५मध्ये प्रभाकरनची एलटीटीई, टेलो, ईपीआरएलएफ आणि इरॉस या तमिळ बंडखोर संघटनांनी एकत्र आघाडी केली, थिम्फूच्या बोलण्यांत उमा महेश्वरनच्या प्लोटसह सगळे एकाच बाजूला बसले, एकच मागणीपत्र दिले. वर्षही झाले नाही. १९८६मध्ये टेलोतच दास आणि बॉबी या दोन म्होरक्यांच्या माणसांत रक्तपात झाला, संघटना आतून खिळखिळी झाली, आणि एप्रिलअखेर एलटीटीईने तिच्या तळांवर हल्ला चढवला. ६ मे रोजी टेलोचा नेता श्री सबारत्नम मारला गेला. डिसेंबरपर्यंत ईपीआरएलएफचीही तीच गत झाली. समोरचा घरात भांडून दमला होता, हेच निमित्त.

आता २०२५कडे परत पाहा. भूपतीच्या गटाला केंद्रीय समितीने बंदुका परत मागितल्या, हिसकावू म्हटले. तरी जंगलात दोन गटांची लढाई झाली नाही. का? मे महिन्यात अबुझमाडमध्ये सरचिटणीस बसवराजू मारला गेला होता; दोन्ही बाजू घसरत होत्या, पण आपसात लढायला लागणारी उसंतच सुरक्षा दलांनी ठेवली नव्हती. शिवाय बाहेर पडण्याचा रस्ता उघडा होता. भूपतीची पत्नी तारक्का त्याच वर्षी १ जानेवारीला गडचिरोलीत शरण आली होती. टेलोच्या माणसाला १९८६मध्ये जाफन्यात असा रस्ता नव्हता. शरणागती धोरणाचा विचार आपण पुनर्वसनाच्या अंगानेच करतो. त्याने भाऊबंदकीचे रक्त वाचते का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. पिश्केद्दांच्या चौकटीत हा दरवाजा नाही. तो बसवायचे काम मराठी अभ्यासकाने करावे.

स्पर्धा म्हणजे रक्तपातच, असेही नाही. १९५४च्या जुलै-ऑगस्टमधला दादरा-नगर हवेलीचा लढा आठवावा. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने दादरा घेतले, आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक नरोलीकडून २ ऑगस्टला सिल्वासात पोहोचले, आणि त्याच वेळी कम्युनिस्ट नेते परुळेकर यांचे वारली कार्यकर्ते लाल बावटा घेऊन त्याच भागात शिरले. कोण आधी पोहोचतो याची शर्यतच होती. श्रेयाचा वाद वर्षानुवर्षे चालला. तरी एकमेकांवर गोळी चालली नाही. पोर्तुगीज फौज मोजकी होती आणि सीमेवर भारत सरकार उभे होते, एवढे कारण पुरे आहे का, हे ठरवायला तो लढा या चष्म्यातून पुन्हा वाचायला हवा.

आमच्या भागातली सर्वांत जुनी नोंद मात्र १८५८ची, आणि तिचा इथे समावेश करताना थोडा वाद होईल हे मी जाणून आहे. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांनी मार्चमध्ये इंग्रजांविरुद्ध उठून राजगड परगण्यावर चाल केली. आरपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलअखेर प्राणहितेकाठी चुंचगुंडीला तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले, आणि चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिचटन हात धुऊन मागे लागला. सप्टेंबरमध्ये बाबुरावांना पकडून दिले ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी झाली. व्यंकटराव बस्तरात निसटले, १८६०मध्ये सापडले. जप्त झालेल्या घोट-आरपल्लीतली गावे बक्षीस म्हणून अहेरीला मिळाली.

लक्ष्मीबाई बंडखोर नव्हत्या, मग हा विषय इथे कसा, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की या तिघांच्या जमीनदाऱ्या एकमेकींना लागून होत्या, माणसे त्याच गोंड समाजाची होती, आणि शेजारची जमीनदारी बुडाली तर गावे कुणाच्या पदरात पडतील हे तिघांनाही ठाऊक होते. त्यात क्रिचटनचा दबाव होताच. गद्दारी आणि शौर्य या दोन शब्दांत ही गोष्ट दीडशे वर्षे सांगितली गेली. भाषणाला ते ठीक. अभ्यासकाने गावांची यादी काढावी: कोणते गाव आधी कुणाकडे होते, नंतर कुणाकडे गेले, आणि १८६९च्या ल्युसी स्मिथच्या जमाबंदी अहवालात त्याचा सारा कोण भरतो.

आता कामाबद्दल दोन शब्द, विशेषतः गोंडवाना विद्यापीठातल्या आणि आसपासच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींसाठी, कारण हे पुस्तक मनात धरले ते त्यांना डोळ्यांपुढे ठेवून. या विषयाची साधने तुमच्या घराजवळ पडून आहेत, आणि ती वाचायची रीत मात्र शिकावी लागते. झाडाला बांधलेले किंवा मृतदेहाजवळ टाकलेले पत्रक घ्या. हाताने लिहिलेले, लाल शाईचे, मराठीत हिंदी मिसळलेले, अधूनमधून तेलुगू वळणाची अक्षरे. आधी खालची सही पाहायची: दलमची आहे, विभागीय समितीची की राज्य समितीची. मग तारीख, आणि पत्रक सापडल्याची तारीख, आणि दोहोंतले अंतर. मग मजकुरात शिव्या कुणाला आहेत ते मोजायचे. सरकारला कमी आणि आपल्यातून गेलेल्यांना जास्त असतील, तर त्या महिन्यात त्या भागात आत काहीतरी बिघडले आहे असे समजून पुढचा कागद शोधायचा. पोलिसांच्या प्रसिद्धीपत्रकालाही हाच न्याय. शरण आलेल्याचे 'संघटनेतील अंतर्गत कलहाला कंटाळून' हे वाक्य इतक्यांदा छापून आले आहे की ते एकेकाळी खरे असले तरी आता साचा झाले आहे. त्याच्यापुढे त्या माणसाचा दलम, पद आणि वर्ष लिहिले तरच त्याला अर्थ येतो.

मुलाखती घ्याल तेव्हा घाई करू नका, आणि गावाचे नाव छापण्याआधी दहा वेळा विचार करा. खबऱ्या हा शिक्का मेल्यावरही पुसत नाही. त्याच्या मुलांची लग्ने त्यावर अडतात. माडिया किंवा गोंडी येत नसेल तर शिका, निदान दुभाष्या त्याच गावचा घेऊ नका. तेलुगूचे तर काय सांगावे. या पक्षाचा निम्मा इतिहास तेलुगूत आहे, सिरोंच्यात तेलुगू घरोघर बोलली जाते, आणि आपण हैदराबादचे कागद इंग्रजीतून मराठीत आणतो.

नक्षल प्रश्नावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यातले काही फार चांगले आहे. त्यात चकमकी आहेत, विकासाचा अनुशेष आहे, सी-६० या पोलीस पथकाची स्थापना आहे, मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११मध्ये बांबूचा हक्क मिळवल्याची उजळ गोष्ट आहे. मेंढ्याची गोष्ट या विषयातही येते, पण वेगळ्या दाराने. ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या तेव्हा 'जनतेच्या नावाने बोलणारा' आणखी एक दावेदार उभा राहिला, निःशस्त्र आणि कायद्याच्या आधाराने. पार्टीने त्याच्याशी कसे वागायचे ठरवले, कुठे सोबत राहिली, कुठे धमकावले, ठेकेदाराचा पैसा आता कुणी भरला, हे गावागणिक वेगळे आहे आणि अजून लिहिले गेलेले नाही.

नव्याने वाचायला बसणाऱ्याने सुरुवात कॅलिवास यांच्यापासून करावी, तीही तक्ते वगळून. मग श्रीलंकेवरचे काहीही, मग बिहार. गडचिरोली शेवटी. आपला जिल्हा आधी वाचला की तोच सगळीकडे दिसू लागतो. एवढे झाल्यावर १९९१-९२च्या फुटीची तेलुगू पत्रके आणि २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरची हिंदी-तेलुगू पत्रके शेजारी ठेवून, तारीखवार, मराठीत भाषांतरित करून छापणे हे पहिले काम. त्याला पैसा फारसा लागत नाही, तेलुगू आणि मराठी दोन्ही येणारी दोन माणसे लागतात. ती सिरोंच्यात आणि आमच्या तालुक्याच्या सीमेवरच्या गावांत मिळतील.